रोलरकोस्टर टायकून २: चाहत्यांनी रचलेले कोस्टर पार्कात किती टिकतात

ख्रिस सॉयर यांचा रोलरकोस्टर टायकून २ हा करमणुकीचं पार्क बांधून चालवण्याचा गेम २००२ साली आला. तो आजही नव्या संगणकांवर खेळला जातो याचं श्रेय ओपनआरसीटी२ या खुल्या प्रकल्पाला आहे. मूळ गेमचा सगळा कोड नव्याने लिहून त्यांनी तो जिवंत ठेवला. बाकीचं श्रेय जातं चाहत्यांना. वर्षानुवर्षं त्यांनी कोस्टर रचले, फाइली केल्या आणि फुकट वाटल्या. हे परीक्षण त्या फाइलींचं आहे.

निकाल आधीच सांगतो. यातले बहुतेक कोस्टर बघायला सुंदर आहेत. चालत्या पार्कात, पैसे मोजणाऱ्या पाहुण्यांसमोर, तीन वर्षं उभे राहू शकतील असे मात्र थोडे आहेत. रचनाकार स्क्रीनशॉटसाठी कोस्टर बांधतो आणि आपण तो चालवायला उतरवून (डाउनलोड करून) घेतो, तिथेच फसगत होते. म्हणून इथे एकच कसोटी लावली आहे: बांधला, उघडला, पुढे काय झालं?

फाइल टीडी६ प्रकारची असते. ती ओपनआरसीटी२च्या ‘ट्रॅक’ फोल्डरमध्ये टाकली किंवा सुरुवातीच्या पडद्यावरच्या ट्रॅक डिझाइन मॅनेजरमधून घेतली की काम झालं. फाइलमध्ये ट्रॅक असतो, गाड्या आणि डब्यांची संख्या असते, चालवण्याची पद्धत, थांबण्याची वेळ, लिफ्टचा (साखळीने गाडी वर ओढणाऱ्या चढाचा) वेग, रंग असतात. रचनाकाराने निवडलं असेल तर आजूबाजूची सजावट आणि पायवाटाही येतात. जमीन येत नाही. बाहेरून घेतलेल्या सजावटीच्या वस्तूही येत नाहीत, फक्त त्यांची नावं येतात. ती वस्तू तुमच्या पार्कात नसेल तर ती जागा रिकामीच राहते. चित्रात दिसणारा किल्ला उतरवल्यावर दोन भिंती आणि एक झाड एवढाच उरला, तर कारण हेच. असा कोस्टर वाटणाऱ्याने सोबत वस्तूंची यादी द्यायलाच हवी. ती न देणं हा आळस आहे.

आता आकडे. गेम प्रत्येक राइडला तीन गुण देतो: एक्साइटमेंट म्हणजे मजा, इंटेन्सिटी म्हणजे तीव्रता आणि नॉशिया म्हणजे मळमळ. रचनाकार एक्साइटमेंटचा आकडा अभिमानाने लिहितात, पण आधी बघायचा तो इंटेन्सिटीचा. ती १०.०० झाली की आकडा लाल दिसतो आणि मजेत कपात सुरू होते. १०.००, ११.००, १२.००, १३.२० आणि १४.५० अशा पाच पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरी ओलांडली की उरलेल्या मजेतला चौथा भाग जातो. मुळात ८.०० मजा असलेला कोस्टर १२.१० तीव्रतेवर ३.३८ वर येतो. शिवाय पाहुणे बसत नाहीत ते वेगळंच. पाहुण्याची सहनशक्ती त्याच्या आवडीप्रमाणे जास्तीत जास्त १०.०० धरली जाते आणि त्यात त्याच्या आनंदाचा आकडा मिळवला जातो, तो फार तर २.५५ भरतो. म्हणजे १२.५५ च्या वर कितीही खूश माणूस असला तरी तो रांगेत उभा राहणार नाही. ‘एक्स्ट्रीम’ म्हणून मिरवलेले कित्येक कोस्टर याच कारणाने रिकामे फिरतात.

तीव्रता एवढी वाढते कशाने? लोकांना वाटतं उंचीने, किंवा लूपच्या संख्येने. बहुतेक वेळा दोषी असतं एखादं साधं, न झुकवलेलं वळण. गाडी वेगात असताना सपाट वळण आलं की आडवा जी, म्हणजे बाजूला फेकणारा जोर, वाढतो. हा आकडा २.८० च्या वर गेला की गेम तीव्रतेत आणि मळमळीत मोठी भर घालतो. ३.१० च्या वर गेला तर जी-जोरांमुळे मिळणारी मजा निम्मी होते आणि तीव्रता, मळमळ आणखी बरीच वाढते. समजा बाकी सगळं उत्तम जमून तीव्रता ९.५० असायला हवी होती. एका वळणाने आडवा जी २.९० वर नेला की ती ११.०० च्या वर जाऊ शकते. मग दोन पायऱ्या ओलांडल्या गेल्या, ८.०० मजेची ४.५० झाली. अख्ख्या कोस्टरची माती करायला तीन चौकोनांचं एक वळण पुरतं.

उपायही तेवढाच छोटा आहे. चाचणी चालू असताना राइडच्या खिडकीतला आलेखाचा टॅब उघडा, आडव्या जीचा आलेख निवडा, आणि शिखर येतं त्या क्षणी गाडी कुठे आहे ते बघा. ते वळण झुकवा. झुकवण्याआधी सरळ ट्रॅकचा एक तुकडा लागतो, तेवढी जागा नसेल तर लहान वळणाऐवजी पाच चौकोनांचं मोठं वळण घ्या. तेही जमत नसेल तर आधी एक छोटा चढ देऊन वेग उतरवा. दहा मिनिटांचं काम आहे. रचनाकाराने ते केलेलं नसेल तर त्याने स्वतःचा कोस्टर एकदाही नीट तपासला नाही असंच मी समजतो.

सजावटीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक दिसते. गुण मोजताना गेम सजावट बघतो ती फक्त स्टेशनभोवतीची, चारही दिशांना पाच-पाच चौकोनांपर्यंत. त्यातही ४७ वस्तूंपर्यंतच गुण मिळतात, पुढच्या वस्तूंनी काही वाढत नाही. छोटी आणि मोठी सजावट मोजली जाते, कुंपणं आणि भिंती नाहीत. स्टेशन जमिनीखाली असेल तर गेम मोजायच्या भानगडीतच पडत नाही, ठरावीक ४० गुण देऊन टाकतो. उघड्यावर पूर्ण सजवलेल्या स्टेशनला २३५ मिळतात. ट्रॅकच्या शेवटच्या टोकाला शेकडो झाडं आणि डोंगर रचणारे कोस्टर दिसायला भारी असतात, त्यांच्या मेहनतीला माझा मनापासून मान आहे. पण त्याच फाइलमध्ये स्टेशन उघडं-बोडकं असेल तर रचनाकाराने हातचे गुण सोडले. तुम्हाला हे सहज दुरुस्त करता येतं: स्टेशनजवळ पन्नासेक झुडपं आणि फुलांचे वाफे लावा, पुन्हा मोजणी होऊ द्या, मजेचा आकडा वर सरकलेला दिसेल.

आता सगळ्यात गंभीर दोष. यात पाहुणे मरतात.

गेममध्ये ‘ब्रेक्स फेल्युअर’ नावाचा बिघाड आहे. तो आल्यावर येणारी गाडी स्टेशनात थांबत नाही, आणि समोर दुसरी गाडी उभी असेल तर तिच्यावर आदळते. हा बिघाड नव्या कोस्टरला होत नाही. राइडचं वय १६ महिने झालेलं हवं आणि तिची विश्वासार्हता ५० टक्के किंवा त्याखाली हवी, तेव्हाच तो येऊ शकतो. गेममधलं वर्ष मार्च ते ऑक्टोबर असं आठ महिन्यांचं, म्हणजे १६ महिने म्हणजे पूर्ण दोन वर्षं. रचनाकार कोस्टर बांधतो, दोन फेऱ्या बघतो, फाइल करतो. तुमच्या पार्कात तिसऱ्या वर्षी अपघात होतो. त्यानंतर बहुतेक पाहुणे ‘सुरक्षित नाही’ म्हणत त्या राइडपासून दूर राहतात, आणि बऱ्याचदा राइड पाडून पुन्हा बांधावी लागते.

यावर दिला जाणारा नेहमीचा सल्ला चुकीचा आहे. ‘स्टेशनच्या आधी चार-पाच ब्रेक लाव’ असं सर्रास सांगितलं जातं. पण हा बिघाड चालू असताना ट्रॅकवरचे साधे ब्रेकसुद्धा काम करत नाहीत. पाच लावा नाहीतर पंधरा, गाडी त्यांवरून तशीच निघून जाते. खरे उपाय दोनच. पहिला: स्टेशन उंचावर ठेवा आणि शेवटचा टप्पा चढाचा करा, म्हणजे गाडी ब्रेकशिवायही मंद वेगाने आत येईल. दुसरा: ब्लॉक ब्रेक (पुढचा भाग रिकामा होईपर्यंत गाडी अडवून धरणारे ब्रेक) लावून राइड ब्लॉक-सेक्शन पद्धतीने, म्हणजे ट्रॅकच्या एका भागात एकच गाडी ठेवून, चालवा. या पद्धतीत एकाहून जास्त गाड्या असतील तर गेम हा बिघाड निवडतच नाही. उतरवलेल्या फाइलमध्ये दोन किंवा जास्त गाड्या, साधी कंटिन्युअस सर्किट (ब्लॉकशिवाय सलग फेऱ्यांची) पद्धत आणि स्टेशनात वेगाने येणारी गाडी, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर ती फाइल आहे तशी वापरू नका.

दोन वर्षं वाट बघायचीही गरज नाही. ओपनआरसीटी२च्या सेटिंगमध्ये डीबगिंगची साधनं चालू केली की राइडच्या मेंटेनन्स टॅबवर हवा तो बिघाड मुद्दाम घडवण्याचं बटण दिसतं. रिकामं पार्क घ्या, कोस्टर बांधा, चालू करा, ब्रेक्स फेल्युअर निवडा आणि स्टेशनाकडे लक्ष ठेवा. पाच मिनिटांत निकाल हाती येतो.

ब्लॉक ब्रेकचं स्वतःचं गणित आहे. साखळीच्या लिफ्टचा माथा एक ब्लॉक धरला जातो, प्रत्येक ब्लॉक ब्रेक एक, स्टेशन एक. या बेरजेतून एक वजा केला की चालवता येणाऱ्या गाड्यांची संख्या मिळते. एक लिफ्ट, स्टेशनआधी एक ब्लॉक ब्रेक आणि स्टेशन म्हणजे दोन गाड्या. तिसरी हवी असेल तर मध्ये कुठेतरी आणखी एक ब्लॉक ब्रेक लागतो, आणि चांगले चांगले रचनाकार इथेच घसरतात. मधल्या ब्रेकनंतर मोठा चढ ठेवलेला असतो. एकच गाडी चालवून बघितली तर ती त्या ब्रेकवर थांबत नाही, सगळं ठीक वाटतं. तिन्ही गाड्या चालू केल्या आणि पुढची गाडी स्टेशनात रखडली की मागची त्या ब्रेकवर पूर्ण थांबते. सुटते तेव्हा तिच्याकडे वेग नसतो. चढ अर्धा चढून ती मागे घरंगळते आणि मागून येणाऱ्या गाडीला भेटते. मधला ब्लॉक ब्रेक नेहमी उंचावर हवा आणि त्याच्या लगेच पुढे उतार हवा, पुढचे सगळे चढ त्या ब्रेकच्या उंचीपेक्षा पुरेसे ठेंगणे. चाचणी घेताना सगळ्या गाड्या लावा आणि स्टेशनातली थांबण्याची किमान वेळ मुद्दाम वाढवा, म्हणजे ही परिस्थिती लगेच उभी राहील.

लाकडी कोस्टरांच्या फाइली सगळ्यात जास्त सापडतात आणि सरासरीने त्याच सगळ्यात विश्वासू आहेत. उलटणारे घटक कमी, वेग बेताचा, त्यामुळे आडव्या जीची भानगड कमी. मात्र अगदी छोटे, ‘कोपऱ्यात बसणारे’ लाकडी कोस्टर टाळा. गेमच्या काही किमान अटी आहेत: सगळ्यात मोठा उतार ९ मीटरचा हवा, लांबी ३७० मीटर हवी, उतार निदान दोन हवेत. एकेका अटीला नापास झालं की मजा, तीव्रता, मळमळ तिन्ही निम्मे होतात, आणि दोन अटी चुकल्या तर पाव उरतो. जागा वाचवण्याच्या नादात ३४० मीटरवर थांबलेला कोस्टर बघितला की हळहळ वाटते. एक फेरी आणखी वळवली असती तर काम झालं असतं. अटी राइडच्या प्रकाराप्रमाणे बदलतात, तत्त्व तेच.

खऱ्या कोस्टरांच्या प्रतिकृती हा वेगळा आणि मोठा विषय आहे. ओहायोतल्या किंग्ज आयलंड पार्कात १९७९ पासून चालू असलेला ‘द बीस्ट’ हा २,२४३ मीटरचा लाकडी कोस्टर. दोन लिफ्ट आणि झाडीतून, जमिनीच्या चढउतारांना धरून पळणारा ट्रॅक, ही त्याची ओळख. चाहत्यांना तो बांधायचा मोह होतो हे साहजिक आहे. पण टीडी६मध्ये जमीन येत नाही हे वर सांगितलं. त्यामुळे डोंगराला धरून रचलेला ट्रॅक तुमच्या सपाट मैदानावर उंच खांबांवर लटकतो. दिसायला विचित्र, आणि खांबांची उंची वाढल्याने महाग. कधी कधी तर ‘टू हाय फॉर सपोर्ट्स’ (खांबांसाठी फार उंच) असा संदेश येऊन बांधकामच होत नाही. अशी प्रतिकृती ट्रॅकची फाइल म्हणून वाटूच नये, पूर्ण पार्क सेव्ह करून द्यावं. तुमच्या हाती फाइलच असेल तर कोस्टर आधी ठेवा आणि नंतर खालची जमीन ट्रॅकपर्यंत वर उचलत जा. वेळखाऊ आहे, पण झाडं लावल्यावर त्याला पुन्हा रूप येतं.

आपल्याकडच्या वाचकांना ताडून बघता येईल असा खरा कोस्टर म्हणजे खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कातला ‘नायट्रो’. तो बोलिजर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीचा फ्लोअरलेस कोस्टर आहे, पायाखाली फरशी नाही, एका रांगेत चौघे. गेममध्ये फ्लोअरलेस गाडी आहे आणि तिथेही चौघेच शेजारी बसतात, त्यामुळे गाडीपुरती प्रतिकृती अचूक होते. फक्त ‘नायट्रो’ नावाने शोधाल तर समोर येईल तो बहुधा न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरचा. तो त्याच कंपनीचा असला तरी उंच टेकड्यांचा, एकही उलटा घटक नसलेला कोस्टर आहे, आणि ते पार्क मूळ गेममध्येच दिलेलं आहे. नावावर जाऊ नका, गाडीचा प्रकार बघा.

फ्लोअरलेस प्रतिकृतींमध्ये ठरलेला दोष मोजमापाचा असतो. गेममध्ये उतार ठरावीक कोनांचे: २५ अंश, ६० अंश, काही प्रकारांना ९०. वळणं ठरावीक आकाराची. खऱ्या कोस्टरचा प्रत्येक घटक तसाच्या तसा बसवायचा हट्ट धरला की घटक एकमेकांना चिकटतात, वेग उतरायला जागा उरत नाही आणि शेवटची वळणं भरधाव येतात. तीव्रता दहाच्या पुढे गेलीच म्हणून समजा. चांगला प्रतिकृतीकार घटकांचा क्रम जपतो आणि उंची थोडी कमी करतो. मला तोच प्रामाणिकपणा वाटतो, कारण खऱ्या कोस्टरवर माणसं बसतात. झिरो-जी रोलसारखे (वजन नाहीसं झाल्यासारखं वाटवत गाडी पूर्ण पालथी फिरवणारे) तुकडे ओपनआरसीटी२च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आले, त्यामुळे नव्या प्रतिकृती जुन्यांपेक्षा बऱ्याच जवळ जातात. मूळ २००२ च्या गेममध्ये मात्र त्या चालणार नाहीत.

‘डिसेबल क्लिअरन्स चेक्स’ ही चीट (गेमचा नियम बंद करणारी सोय) वापरून बांधलेले कोस्टरही फिरतात. त्यांत ट्रॅक ट्रॅकमधून किंवा भिंतीतून आरपार जातो. चीट बंद असताना असा कोस्टर ठेवायला गेलात तर गेम अडथळा आहे म्हणून नकार देतो, आणि जागा रिकामी असूनही का नकार देतो ते नवख्याला कळत नाही. चीट चालू करून ठेवता येतो. वर्णनात तसं लिहिलेलं नसेल तर तो दोष रचनाकाराचा.

गर्दीचा हिशोब जवळपास कोणीच करत नाही. २४ आसनांची एकच गाडी, फेरीला एक मिनिट पन्नास सेकंद, पाहुण्यांच्या चढण्या-उतरण्याला चाळीस सेकंद धरा. अडीच मिनिटांना एक फेरी, तासाला २४ फेऱ्या, ५७६ माणसं. तेवढ्याच ट्रॅकवर दुसरी गाडी बसवली तर हा आकडा जवळपास दुप्पट होतो. ‘पूर्ण भरेपर्यंत थांबा’ ही खूण असलेल्या फाइलींमध्ये कमाल वेळही घालून ठेवा, नाहीतर पार्क रिकामं असताना गाडी हलणारच नाही.

पावसात उघड्या कोस्टरकडे पाहुणे पाठ फिरवतात. ट्रॅकचे आठ भाग धरले तर निदान तीन छपराखाली किंवा बोगद्यात असलेल्या कोस्टरवर ते पावसातही बसतात. त्यामुळे बोगदे असलेल्या फाइलींना माझ्याकडून नेहमी जास्त गुण. आणि एकाच प्रकारचे दोन-तीन सुंदर कोस्टर एकाच पार्कात उतरवू नका: त्या प्रकारची दुसरी राइड असली की पाहुण्यांच्या लेखी किंमत चौथ्या भागाने कमी होते, तिकीटही तेवढंच उतरवावं लागतं.

रचनाकाराला अभिप्राय देताना ‘छान आहे’ किंवा ‘बकवास आहे’ यातून त्याला काहीच मिळत नाही. इंटेन्सिटी किती आली, आडवा जी कोणत्या वळणावर किती गेला, सगळ्या गाड्या लावल्यावर कुठे अडकल्या, ब्रेक बिघडवल्यावर गाडी स्टेशनात कोणत्या वेगाने आली, स्टेशनभोवती किती वस्तू आहेत, एवढं लिहा. फाइल कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या चीट लावून उघडली तेही सांगा. यातल्या बहुतेक चुका एका संध्याकाळी दुरुस्त होतात, आणि दुरुस्त केलेली फाइल त्याच नावाने पुन्हा टाकली तर जुनी वापरणाऱ्यांचा गोंधळ होतो, म्हणून नावापुढे आवृत्तीचा आकडा जोडायला सांगा.